विनंती थांबा, साईज पाच

जुलैतला रविवार. बाहेर डोंबिवलीचा पाऊस आणि मी पलंगाखालून एक खोका ओढून काढला. आत एका गाजलेल्या जुन्या बास्केटबॉल शूजची नव्याने काढलेली आवृत्ती होती. अकरा वर्षांपूर्वी घेतलेली, एकदाही न घातलेली. शूज जमवणाऱ्या आमच्या लोकांच्या भाषेत ‘डेडस्टॉक’. शब्दातच मरण आहे, पण ते तोवर कधी खटकलं नव्हतं. कागद बाजूला केला, उजवा शूज उचलला आणि टाच खोक्यातच राहिली. वरचा भाग हातात, खाली मळकट पांढरी ढेकळं. अंगठ्याने दाबून पाहिलं तर जुन्या नानकटाईसारखा भुगा झाला, फक्त बोटांना जरा चिकटणारा.

“हेच ना ते, ज्यांच्यासाठी आपण फ्रिज सहा महिने पुढे ढकलला होता?” बायकोने दारातून विचारलं. मी हो म्हणालो. ती आत गेली आणि केरसुणी-सुपली घेऊन आली. त्याहून एक शब्द जास्त बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हा सोल पॉलियुरेथेनचा असतो, बाजारात त्याला नुसतं पीयू म्हणतात. हवेतली वाफ त्यात शिरते आणि आतले रासायनिक बंध एकेक करून तोडत जाते. शूज पायात असोत की खोक्यात, वाफेला फरक पडत नाही. उलट चालताना सोल दाबला-सुटला की ओल बाहेर पडत राहते आणि तो थोडा जास्त टिकतो, असं जुने संग्राहक सांगतात. सोलसाठी वापरतात तो दुसरा फोम, ईव्हीए, चपटा होतो, पण त्याचा असा भुगा होत नाही. हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्यांना मी ते अगदी तज्ज्ञाच्या थाटात सांगतही असे. माझ्या खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्याही होत्या. त्या बहुधा पहिल्याच पावसाळ्यात भरून गेल्या असणार, आणि बदलायला मी खोका उघडला नाही, कारण उघडला की हवा लागते.

तरी आशा सुटत नाही. स्टेशनबाहेर बसणाऱ्या मोचीकाकांकडे तो जोड नेला. त्यांनी आरी खाली ठेवली, भुगा चिमटीत धरून चोळला.

“पीयू आहे. किती वर्षं घातले?”

“एकदाही नाही.”

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्या पायांऐवजी तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, ठक्कर बाप्पा कॉलनीत जा, तयार सोल मिळतील, बसला तर चिकटवून देतो. चेंबूर-कुर्ल्याच्या मधली ती वस्ती म्हणजे चप्पल-बुटांची खाण. मी गेलो, तीन दुकानं पालथी घातली, एक रबरी सोल आणलाही. पण ज्या फर्म्यावर तो शूज बांधला होता त्याचा बाक वेगळा, नव्या सोलचा वेगळा. काकांनी सोल्यूशन लावण्याआधीच मान हलवली. त्या जोडातून वाचलं एकच. प्लॅस्टिकच्या पिशवीत सील असलेली जादा लाल लेस.

माझ्याकडे तेव्हा तेवीस जोड होते. वन बीएचकेत. हा आजार लागला सांगलीत, कॉलेजात असताना. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूच्या रिंगला जाळी, दुसऱ्या बाजूला नुसती रिंग, आणि पायात बाटाचे पॉवर. एका सीनियरच्या भावाने मस्कतहून खरेखुरे बास्केटबॉल शूज आणले होते. सीनियर ते कोर्टाच्या कडेला बसून घालायचा आणि आम्ही सगळे त्याचं लेस बांधणं बघत उभे राहायचो. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमध्ये मी तसलाच जोड घेतला. दुसरा एका माणसाकडून ‘ओरिजिनल’ म्हणून घेतला आणि तो फर्स्ट कॉपी निघाला. टाचेच्या शिलाईचे टाके मोजले तेव्हा कळलं. त्या अपमानातून मी शिकलो. टाके मोजायला, खोक्यावरचा क्रमांक शूजच्या जिभेच्या आतल्या चिठ्ठीशी जुळवायला, गोंदाचा वास घ्यायला. शूज नाकाशी धरणारा नवरा हे दृश्य आमच्या घरात कुणाला नवं नाही.

या छंदात गोष्टींना फार किंमत असते, शूजपेक्षा जास्त. १९८५ साली पीटर मूर यांनी डिझाइन केलेला एअर जॉर्डन १ दुकानात आला तो ६५ डॉलरला. पण तो ज्याने विकला गेला ती गोष्ट बंदीची. एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, मायकेल जॉर्डनचे लाल-काळे शूज नियमात बसत नाहीत म्हणून कळवलं, आणि नाइकीने त्याचीच जाहिरात केली. एनबीएचं फेब्रुवारी १९८५चं पत्र खरं आहे. गंमत अशी की ज्या शूजवरून ते आलं ते एअर शिप नावाचं वेगळंच मॉडेल होतं, असं आता बहुतेक जाणकार मानतात. म्हणजे लोकांनी चाळीस वर्षं ज्या जोडाला ‘बंदी घातलेला’ म्हणून कुरवाळलं, त्याच्यावर बंदी आलीच नव्हती. मी पण कुरवाळलाय. चौथ्या खोक्यात आहे.

तर भुगा सुपलीत भरला त्याच आठवड्यात सांगलीहून भाचीचा फोन आला. ती नववीत, शाळेच्या १७ वर्षांखालच्या मुलींच्या संघात गार्ड खेळते. जर्सी १०. शाळेच्या जिल्हा स्पर्धा तोंडावर होत्या. ताईने तिला शूजसाठी साडेपाच हजार दिले होते आणि वर सांगितलं होतं की मामाला विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

“मामा, मला कस्टम पाहिजेत. तू रंगवतोस ना?”

रंगवत होतो. म्हणजे दोन जोड रंगवले होते. पहिल्यात मी पारदर्शक तळव्यालासुद्धा निळा रंग दिला होता, कारण फोटोत तो फार देखणा दिसत होता. ते घालून खेळायला गेलो आणि दुसऱ्याच लेअपला पाय असा सटकला की तीन आठवडे मनगटाला पट्टा. तळव्याच्या त्या नागमोडी खाचा म्हणजे बास्केटबॉल शूजचा जीव. त्यात रंग भरणं म्हणजे टायर वितळवून गुळगुळीत करण्यासारखं. दुसरा जोड मित्राच्या मुलाचा, तो फक्त वाढदिवसाला घातला गेला. पण चार महिने रोज कोर्टवर घासले जाणारे शूज मी कधी रंगवले नव्हते. हे मी भाचीला सांगितलं नाही. मामा आहे मी.

पांढरे घ्यायला सांगितले, साईज यूके पाच. वर पातळ जाळी, पुढे आणि टाचेला पीयूचा गुळगुळीत थर, मिडसोल, म्हणजे तळव्यावरचा फोमचा थर, ईव्हीएचा. ईव्हीए आहे ना, हे मी तिला दुकानातून व्हिडिओ कॉल लावून दोनदा विचारलं.

मग डिझाइन. मी रात्रभर बसून वहीत काढलं. वारली. टाचेवर तारपा, बाजूने गोल धरून नाचणारी माणसं, आणि एकाच्या हातात चेंडू. फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर.

“मामा प्लीज. वारली नको. बँकेच्या भिंतीसारखं दिसतंय.”

राग आला, पण तिचं खरं होतं. मग मी विचारलं, तुझ्या डोळ्यासमोर काय येतं बास्केटबॉल म्हटल्यावर? मला वाटलं एखाद्या खेळाडूचं नाव घेईल. ती म्हणाली, “एसटी.” यांचा संघ प्रत्येक स्पर्धेला एसटीनेच जातो. पहाटे साडेपाचला स्टँडवर, मागच्या सीटवर चेंडूंची जाळी, कुणीतरी उलटी करतं, कुणीतरी भेळ काढतं. जिंकले तरी एसटी, हरले तरी एसटी. “लाल डबा कर,” ती म्हणाली. “आणि त्यावर पाटी पाहिजे.”

पाटीवर काय लिहायचं हेही तिनेच ठरवलं. मी ‘सांगली–मिरज’ वगैरे सुचवत होतो. तिने विचारलं, एसटीच्या बोर्डावर काय काय लिहिलेलं असतं? जलद, विनावाहक, विनाथांबा. आणि खांबावर, विनंती थांबा. फोनवर क्षणभर शांतता, मग ती एकदम ओरडली. “मामा! डावा पाय माझा पिव्होट. तो थांबतो. उजवा थांबतच नाही. डाव्यावर ‘विनंती थांबा’, उजव्यावर ‘विनाथांबा’!”

बास्केटबॉल न खेळलेल्यांसाठी: चेंडू हातात धरून थांबलात की एक पाय जमिनीला खिळतो, तो पिव्होट. दुसरा पाय कितीही फिरवा, खिळलेला उचलून पुन्हा टेकवला की ट्रॅव्हलिंग, शिट्टी. आता डाव्या पायाला विनंती आणि उजव्याला मोकळीक, इतकं नेमकं मला सात जन्मांत सुचलं नसतं. माझ्याकडे वीस वर्षांचं शूजचं ज्ञान आहे आणि ही पोर एका फोनमध्ये डिझाइन करून मोकळी झाली.

पुढे मी माझी अक्कल पाजळलीच. डावा लाल आणि उजवा पिवळा करू, टाचेवर रेडियमची नंबरप्लेट लावू, रात्रीच्या दिव्यात चमकेल. तिने तिच्या सरांना दाखवलं. सरांनी उत्तर म्हणून नियमपुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात शूजबद्दल फार काही नाही. रंग कुठलेही चालतील, पण डावा-उजवा जुळायला हवेत. लुकलुकणारे दिवे, प्रकाश परतवणारं काही आणि इतर सजावट चालणार नाही. एनबीएत रंगांवरची बंधनं २०१८-१९च्या हंगामापासून उठली, त्यामुळे तिकडे खेळाडू दर सामन्याला नवीन चित्र पायात घालून येतात आणि मी ते बघत आलो होतो. सांगलीच्या पोरीला नियम फिबाचा लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रेडियम रद्द. दोन्ही शूज सारखेच लाल, वर पिवळा पट्टा, टाचेला पिवळ्यावर काळा आकडा. शब्द वेगळे चालतील का, हे सरांनी रेफ्रींना विचारून घ्यायचं ठरलं.

शूज कुरिअरने आले आणि मी ऑफिसला दोन दिवस सुट्टी टाकली. कारण ‘कौटुंबिक’.

सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात कंटाळवाणं असतं. कंपनी शूजवर जो चकचकीत थर देते तो काढायचा. तो राहिला तर वरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. चामड्यावर असिटोन चालतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल असतं. पण हे चामडं नव्हतं. जिभेच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मी कापसाने असिटोनचा थेंब टेकवला आणि तो थर डोळ्यांदेखत चिकट झाला, कापसाचे तंतू त्यात रुतून बसले. तिथे आजही एक पांढरी मिशी आहे. म्हणून मग बाकी सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, हळूहळू, कापूस काळा येणं थांबेपर्यंत. आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरले, कारण शूज पायात जसा ताणलेला असतो तसा ताणूनच रंगवायचा. नाहीतर पहिल्याच पावलाला भेगा.

मिडसोलच्या कडेला चिकटपट्टी लावताना एक सांगतो. स्टेशनरीच्या दुकानातली पट्टी घेऊ नका. गाड्या रंगवणारे वापरतात ती पिवळी घ्या आणि नखाने कडेकडेने दाबत जा. माझा एक तास फक्त त्यात गेला, आणि तो मला सगळ्यात आवडलेला तास होता.

रंग अँजेलसचा, चामड्यासाठीचा अॅक्रिलिक, एवढीशी बाटली, तीस मिलिलिटरच्या आसपास. जाळीच्या भागासाठी त्यात एक मऊ करणारं द्रावण मिसळतात. नाही मिसळलं तर रंग वाळून जाळी पत्र्यासारखी होते आणि बोटांना काचते. लाल आणि पिवळा हे दोन्ही लबाड रंग आहेत. बाटलीत भरगच्च दिसतात आणि शूजवर पाण्यासारखे पसरतात. पहिला हात दिल्यावर लाल डबा गुलाबी दिसत होता. बायको म्हणाली, “बार्बीची एसटी.” दुसऱ्या हाताला कलिंगड. पाचव्या हाताला एकदाचा तो लाल आला, पावसात धुऊन निघालेल्या बसचा. पिवळ्याला सात हात लागले. मोह होतो की एकदाच जाड थर देऊन टाकावा. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि दुमडला की फुटतो. हात पातळ हवा, इतका पातळ की आपण काहीच केलं नाही असं वाटावं.

आणि जुलै. बाटलीवर लिहिलंय की थर काही मिनिटांत वाळतो. ते लिहिणारा माणूस डोंबिवलीत राहत नसावा. तासाभराने बोट लावलं तरी बोटाचा ठसा उमटायचा. बायकोचा हेअर ड्रायर घेतला. त्याच्या तोंडावर अजून लाल डाग आहे, तो विषय घरात काढत नाही. शेवटी फ्रिजच्या अंगाला हात लावून पाहिला. बाजूचा पत्रा कोमट असतो. मग भिंत आणि फ्रिज यांच्या मधल्या वीतभर फटीत पाटावर दोन्ही शूज ठेवले, प्रत्येक हाताला रात्रभर. अकरा वर्षांपूर्वी सहा महिने अडवून ठेवलेला तो फ्रिज शेवटी माझ्या कामी आला, हे बायकोने सासूबाईंना फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

अक्षरांसाठी गेलो रेडियमवाल्याकडे. स्टेशनच्या रस्त्यावरचं छोटं दुकान, गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ कापून देणारं. त्याला म्हटलं, ‘विनंती थांबा’ आणि ‘विनाथांबा’ असं उलटं कापून दे, म्हणजे अक्षराच्या जागी भोक. त्याने विचारलं, “कुठल्या गाडीला?” मी शूज दाखवला. त्याने संगणकावरून नजर न हलवता विचारलं, “कुणाचं डोकं हे?” मी म्हणालो, भाचीचं. त्यानंतर त्याने पैसे घेतले, पण अक्षर मात्र तीन वेळा बदलून दाखवलं, एसटीच्या पाटीवर रंगाऱ्याने कुंचल्याने काढल्यासारखं दिसेपर्यंत.

देवनागरीत स्टेन्सिलची एक अडचण आहे. ब ची आतली पोकळी, थ ची गाठ, हे तुकडे सुटे होऊन पडतात. ते वेगळे चिमट्याने बसवावे लागतात. अनुस्वार इतका बारीक की पहिल्या प्रयत्नात दोन्ही अनुस्वार पट्टीबरोबर निघून आले आणि शूजवर राहिलं ‘विनती थाबा’. अनुस्वार मग उदबत्तीच्या काडीने टेकवले. आणखी एक गोष्ट मला शूज हातात घेऊन बसल्यावरच कळली. अक्षरं बाहेरच्या बाजूला लिहायची, तर डाव्या शूजवर वाक्य बोटांकडून सुरू होऊन टाचेकडे जातं आणि उजव्यावर टाचेकडून सुरू होऊन बोटांकडे. म्हणजे डाव्याचा ‘वि’ करंगळीजवळ, उजव्याचा ‘वि’ घोट्याखाली. उजव्यावर शब्द छोटा होता, तो टाचेच्या बाजूला मावला. डाव्यावर दोन शब्द, म्हणून ‘विनंती’ अगदी पुढे, पाय जिथे वाकतो तिथपर्यंत गेली. मी शूज वाकवून पाहिला. शिरोरेखा बरोबर त्या सुरकुतीवरून जात होती. अक्षरं वेगळी असती तर सुरकुती दोन अक्षरांच्या मधल्या जागेतून निघून गेली असती, पण आपली रेघ सलग. दिसतंय देखणं, राहू दे, असं म्हणून मी पुढे गेलो. निळ्या तळव्याच्या वेळीही मी हेच म्हणालो होतो.

वरून रंग जपणारा, चमक नसलेला फिनिशर, दोन हात. मग आईच्या स्वयंपाकघरातून खास आणलेल्या वजनकाट्यावर ठेवलं. रंगवण्याआधी एक शूज २९६ ग्रॅम होता, आता ३०७. अकरा ग्रॅम. शेवटच्या क्वार्टरमध्ये अकरा ग्रॅमही कळतात असं म्हणणारे लोक आहेत. भाची त्यातली निघू नये एवढीच प्रार्थना. सगळ्यात शेवटी मेलेल्या जोडाची ती सील फोडून लाल लेस ओवली. अकरा वर्षांत तिचा रंग तसूभर उतरला नव्हता, आणि माझ्या पाचव्या हाताच्या लालशी ती इतकी जुळली की मी एकटाच हसलो.

पार्सल न करता स्वतः घेऊन गेलो, एसटीनेच. आधी सांगलीत स्टँडसमोरच्या मोच्याकडून सोलच्या कडेला शिलाई मारून घेतली. कारखान्याच्या गोंदावर माझा विश्वास नाही आणि सिमेंटच्या कोर्टवर तर नाहीच. त्याने रापीने कडेची बारीक खाच केली आणि मेणाच्या दोऱ्याने अशी टिपली की लालवर एक ओरखडा नाही.

ताईच्या घरी खोका उघडला. भाची काही बोललीच नाही. शूज पायात घातले, फरशीवर दोनदा पाय घासून चूं-चूं वाजवले, आणि जिन्यावरून खाली पळाली. अर्ध्या तासाने संघातल्या सहा मुली घेऊन वर आली. त्यातल्या एकीचे वडील एसटीत चालक. त्यांनी संध्याकाळी शूज उलटसुलट करून पाहिले, रंग पास केला, अक्षर पास केलं, आणि टाचेवर बोट ठेवलं. तिथे मी पिवळ्यावर काळ्याने ‘एमएच १०’ लिहिलं होतं. दहा जर्सीचा आणि सांगलीचाही.

“हे चुकलं,” ते म्हणाले. “एसटी जिथं बांधली तिथला नंबर. दापोडीची चौदा, चिकलठाण्याची वीस, हिंगण्याची चाळीस. लाल डब्याला दहा नंबर मी तरी बघितला नाही.”

माझा चेहरा पडला. मी म्हणालो, रात्रीत बदलून देतो. भाचीने शूज माझ्या हातातून काढून घेतला. “राहू दे. गाडी दापोडीची असली तरी पोरी सांगलीच्या आहेत की.” चालककाकांनी मान डोलावली. मला वाटतं त्यांना ते पटलं नव्हतं.

जिल्ह्याचा पहिला सामना मी पाहिला. रात्री पाऊस झालेला, पोरींनी आणि सरांनी मिळून पोत्याने कोर्ट टिपलं होतं. रेफ्रींनी शूज बघितले. एका हाताने डावा, एका हाताने उजवा, वाचलं, पुन्हा वाचलं. “रंग जुळतायत. खेळा.” मी कडेला उभा. खेळ कमी बघितला, पाय जास्त. प्रत्येक वेळी ती तळवा हाताने पुसायची तेव्हा माझे श्वास अडकायचे, हाताला लाल लागतंय का म्हणून. नाही लागलं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिने डावीकडून घुसून चेंडू धरला, थांबली, फिरली, आणि डावा पाय उचलला. शिट्टी. रेफ्रींनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. ट्रॅव्हल. समोरच्या शाळेच्या बाकावरून एक पोर ओरडली, “एसटी आहेस ना? मग ट्रॅव्हल्स कशाला करतेस!” अख्खं मैदान हसलं. भाचीसकट. रेफ्री पाठ वळवून उभे राहिले, पण खांदे हलत होते.

तो सामना जिंकला, जिल्हाही जिंकला. विभागात दुसऱ्याच दिवशी हरल्या. मी तोवर डोंबिवलीत परत आलो होतो आणि उरलेले बावीस जोड एकेक करून बाहेर काढत होतो. ज्यांचे सोल पीयूचे आहेत ते आधी. भाजी आणायला, दळण टाकायला, एकदा तर आठ चोवीसच्या लोकलला. ठाण्याला एका गृहस्थाने त्या ‘बंदी घातलेल्या’ जोडावर पूर्ण वजनानिशी पाय दिला आणि सॉरीही म्हणाला नाही. कळवळलो. पण पायाने नाही.

दिवाळीच्या आधी भाचीचा फोटो आला. डावा शूज, बाहेरची बाजू, जवळून. पिवळा पट्टा शाबूत, लालही बराचसा. पुढे करंगळीपाशी मात्र शिरोरेखा तुटली होती, आणि रेघेबरोबर अक्षरंही निघून गेली होती. काही सुरकुतीने, काही दुसऱ्या पोरींच्या बुटांनी. एका अनुस्वाराचा ठिपका तेवढा एकटा टिकून होता. खाली तिने लिहिलं होतं:

“मामा, ‘विनंती’ गेली. नुसतं ‘थांबा’ उरलंय.”

मी लगेच उत्तर दिलं. पाठवून दे, सुट्टीत नीट करतो, या वेळी अक्षरं मागे घेतो, सुरकुतीच्या अलीकडे.

बराच वेळ निळ्या टिका नुसत्या दिसत होत्या. मग आलं:

“नको. आता बरोबर आहे.”